पिवळा दिवा आणि तीन बोटं सुतळी

"आधी इचारा, मग उचकटा."

धोंडिराम होवाळ हे दिवसातून चारदा तरी म्हणायचा. बोनेटकडं हात नेणाऱ्या ड्रायव्हरला म्हणायचा, जीपखाली शिरू बघणाऱ्या मालकाला म्हणायचा, आणि घरात पेटत नसलेला स्टोव्ह बायको, पारूबाई, आपटायला लागली की तिलाही म्हणायचा. पारूबाई भांड्याचा आवाज न थांबवता विचारायची, "स्टोला काय इचारू? जेवलास का म्हणू?"

सतरा वर्षं त्यानं लष्कराच्या वर्कशॉपात गाड्या उघडल्या आणि मिटवल्या होत्या. जबलपूर, पठाणकोट, तेजपूर. एकोणनव्वद साली हवालदार होऊन तो गावी आला आणि विटा-कडेगाव रस्त्याला, ओढ्याच्या पुलाअलीकडं, चिंचेखाली त्यानं पत्र्याचं शेड उभं केलं. गाडीखाली उभं राहून काम करता यावं म्हणून खड्डा स्वतः खणला, त्याला विटा स्वतः लावल्या. पण पहिलं वर्षभर त्या खड्ड्यावर फारशी चाकं आली नाहीत. बौद्धवस्तीतल्या माणसाच्या दारात आपला ट्रॅक्टर न्यायचा की नाही, हे पुष्कळांचं ठरत नव्हतं. मग एका गळीत हंगामात उसानं भरलेले तीन ट्रॅक्टर भर रस्त्यात बसले, विट्याच्या मिस्त्रीला यायला सवड नव्हती, आणि ऊस वाळायला लागल्यावर माणसांचं आपोआप ठरलं. तिन्ही ट्रॅक्टर धोंडिरामनं दोन दिवसांत कारखान्याच्या वाटेला लावले. तेव्हापासून त्याचं नाव 'हवालदार' झालं. शेडावर पाटी नव्हती. गरज पडलीच नाही.

त्याची रीत एकच. गाडी आली की तो आधी माणसाला दगडावर बसवायचा. कवा झालं? त्याच्या आदल्या दिवशी काय झालं? कुणाच्या हातात हुती? काय बदललं, काय पडलं, काय आपटलं? बरं वाटत नाही म्हणून आलेल्या माणसाला वैद्यानं विचारावं तसं विचारायचा. निम्मी गाडी ड्रायव्हरच्या जिभेवर दुरुस्त होते, असं त्याचं मत होतं, आणि त्या मताचा त्याला अभिमान होता. त्याहून मोठा अभिमान एका गोष्टीचा. शेडात आलेली गाडी आठ वर्षांत एकदाही दुसऱ्याच्या दोराला बांधून बाहेर गेली नव्हती.

सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत, एका मंगळवारी, जयराजशेठची जर्मन गाडी त्याच्या शेडात आली.

जयराज गलाईवाला. सोनं गाळून शुद्ध करायचं त्याचं दुकान कोइमतुरात होतं. बापानं मुशीपुढं बसून डोळे लाल करून घेतले, आणि पोरानं त्यावर दुमजली घर बांधलं. गाडी त्यानं तिकडच्या एका गिरणीमालकाकडून घेतली होती, वापरलेलीच, पण आरशासारखी. दिवाळीत ती गावात आली तेव्हा त्याची आई शालूबाई हिनं चारी चाकांना हळदकुंकू लावलं होतं, आणि डिकी उघडायला लावून आतल्या पाचव्या, कोऱ्या चाकावरही कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. ते पाचवं चाक गाडी आल्यापासून तसंच, प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट होतं. दिवाळीनंतर जयराज रेल्वेनं परत गेला. गाडी आईला कुठं न्यायची-आणायची म्हणून चुलता भाऊसो याच्या ताब्यात राहिली.

आता जयराज परत आला होता, आणि रविवारी गाडी घेऊन कोइमतुरला निघायचं होतं.

"हवालदार, दिवा लागतोय," जयराज दगडावर न बसताच म्हणाला. "पिवळा. तिरकोनात उद्गारवाचक चिन्ह. सागरेश्वरच्या चढाला तर ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी दम सोडतीया."

"कवापासनं?"

"मी परवा आलो, तवापासनं बघतोय. आधी नव्हता."

धोंडिरामनं भाऊसोकडं पाहिलं. भाऊसो पन्नाशीचा, पांढऱ्या टोपीचा, गाडीला टेकून उभा होता.

"भाऊसो, दोन म्हैनं गाडी तुमच्याकडं हुती. काय आपटलं? काय बदललं? कुटं काम केलं?"

"काय न्हाई."

"पाण्यात गेलती? चिखलात?"

"आरं, न्हाई म्हनलं न्हवं? शालूवैनीला एकदा सांगलीला नेलं आन आनलं. धूळ बी बसू दिली न्हाई." मग जयराजकडं वळून, पण धोंडिरामला ऐकू जाईल असं, "तू याला कशाला इचारतोस जया? हे ट्रॅक्टरचं मिस्त्री. पुण्याला धाड."

जयराजनं घड्याळ पाहिलं. "शनिवारी सकाळी पुण्याहून ट्रक मागवलाय. तोवर दिवा गेला तर ट्रक रिकामा जाईल. न्हाई गेला तर गाडी ट्रकावर चढंल." तो वाईट बोलला नाही. हिशेब सांगावा तसं बोलला.

पण धोंडिरामला दिसला तो ट्रक. आपल्या शेडातून, वाटेवरच्या सगळ्या मळ्यांसमोरून, कडेगावच्या चौकातून पाठीवर ती चकचकीत गाडी घेऊन जाणारा. ज्यांचं अजून मनातून ठरलेलं नव्हतं त्यांचं त्या दिवशी ठरलं असतं.

"शनवारपत्तुर दिवा जातोय," तो म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याला कळलं की हा दिवा कशाचा, हेच त्याला माहीत नाही.

बुधवारी तो गाडी घेऊन एकटाच निघाला. किल्ली फिरवली की समोर सगळे दिवे एकदम लागत, त्यात तोही लागे, आणि इंजिन सुरू झालं की सगळ्यांबरोबर तोही विझे. शहाणा. मैलभर गाडी जराशा वेगात गेली की डोळा मारल्यासारखा लुकलुके. मग लागे तो लागूनच राही. चढाला तर कुणी मागून सदरा धरावा तशी गाडी अडे. पाय खाली, गाडी जागी. धोंडिरामनं आयुष्यात ज्या गाड्या चालवल्या त्यांना पाय खाली म्हणजे पुढं, एवढंच कळायचं. ही गाडी त्याच्या पायाचं ऐकून घेत होती आणि मग आपलंच करत होती.

दुपारी शेडात नेहमीची माणसं जमली. एकानं सांगितलं, दिव्याचा बल्ब काढ, काळजी मिटली. दुसरा म्हणाला, दृष्ट लागलीय, लिंबू बांधा. तिसरा म्हणाला, त्यावर काळी चिकटपट्टी लावा, शेठला कोइमतुरापत्तुर कळायचं न्हाई.

"तुमच्या म्हशीनं दूध न्हाई दिलं तर चरवी फोडता का रं?" धोंडिराम खड्ड्यातून ओरडला. "चला, निघा. काम हाय."

गाडीच्या कप्प्यात जाडजूड पुस्तक होतं, इंग्रजीत. त्याची लेक दीक्षा विट्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. संध्याकाळी ती अंगणात डिक्शनरी घेऊन बसली आणि धोंडिराम तिच्यासमोर, परीक्षेला बसल्यासारखा.

"आबा, याला ट्रॅक्शन कंट्रोल म्हणतात. मागचं चाक चिखलात नाहीतर वाळूत घसरून नुसतंच गरगरायला लागलं, की गाडी आपणहून इंजिनाचा जोर कमी करते. ते करताना दिवा लुकलुकतो."

"हितं कुटं चिखल हाय? डांबरावर लुकलुकतोय."

"पुढं लिहिलंय. दिवा लागूनच राहिला तर यंत्रणा बंद पडली आहे."

"आन मग काय करायचं?"

दीक्षानं ओळ दोनदा वाचली. "सावकाश चालवा आणि कंपनीच्या वर्कशॉपला न्या."

धोंडिरामनं कपाळाला हात लावला. "चारशे पानाचं बुक लिवलं, आन शेवटाला भाऊसोचीच अक्कल!"

पारूबाई चुलीपाशी हसली. तो हसला नाही.

पण पुस्तकात एक चित्र होतं. प्रत्येक चाकामागं दातेरी कडं आणि त्याला चिकटून सुपारीएवढा सेन्सर. चाक फिरलं की सेन्सर दाते मोजतो आणि आतल्या कॉम्प्युटरला कळवतो. धोंडिरामला वाटलं, धागा सापडला. गुरुवार उजाडताच त्यानं चारी चाकं काढली, चारी सेन्सर पुसले, दाते ब्रशनं घासले, प्रत्येक वायर टोकापासून टोकापर्यंत मीटर लावून तपासली. नवऱ्या मुलीचे दागिने उतरवावेत तशी प्रत्येक वस्तू त्यानं धुतलेल्या फडक्यावर मांडली आणि होती तशी परत चढवली. चारी चाकांत हवा सारखी केली. मग गाडी काढली.

मैलभरानं दिव्यानं डोळा मारला.

त्यानं गाडी उसाच्या कडेला उभी केली आणि स्टिअरिंगवर मूठ आपटली. मग ज्यावर आपटली ते दुसऱ्याचं आहे हे आठवून हातानं पुसलं. राग कुणावर काढायचा हेच कळत नव्हतं. इंजिन बिघडतं तेव्हा धूर दिसतो, आवाज येतो, तेल गळतं. त्याला राग आला तरी तो राग कुठंतरी जाऊन बसतो. इथं सगळं निरोगी. प्रत्येक वायर शाबूत, प्रत्येक दाता जागेवर. आणि तरी तो पिवळा त्रिकोण समोर उभा राहून म्हणत होता की काहीतरी चुकलंय. काय, ते सांगत नव्हता.

गुरुवारी दुपारीच त्यानं एक सेन्सर खिशात घातला आणि एसटीनं सांगली गाठली. हळदीच्या पेठेमागं एक ऑटो इलेक्ट्रिशियन होता, लष्करातलाच जुना ओळखीचा. त्यानं सेन्सर मीटरला लावला. "ठणठणीत हाय," म्हणाला. "तुझा कॉम्प्युटर गेलाय गड्या. त्याला बोलतं करायचं यंत्र पुण्यात हाय. हितं न्हाई, कोल्हापुरात न्हाई. कशाला जीव जाळतोस? ट्रकावर चढवून दे."

"तू बी ट्रकावरच चढलास," धोंडिराम म्हणाला आणि चहा न पिता उठला.

पेठेत पोत्यांतून हळद उडत होती. त्याच्या ग्रीसनं काळ्या बोटांवरही ती बसली, पिवळी, दिव्याच्या रंगाची. त्यानं बोटं पँटला पुसली, दोनदा.

परतीची एसटी तासगावात थांबली. फाट्याजवळच्या शाळेच्या मैदानावर सव्वीस जानेवारीच्या संचलनाची तयारी चालली होती. पोरींची रांग चारचारच्या ओळीत येत होती. शेवटच्या ओळीत कडेला एक बुटकी पोरगी होती, आणि शिट्टी वाजवत मास्तर तिच्यावरच ओरडत होता. बाकीच्या दोन पावलांत जेवढं चालत तेवढ्यासाठी ती अडीच टाकायची. ओळीत राहायची, पण पाऊल चुकायचं. पाऊल जुळवायला गेली की ओळ सुटायची.

धोंडिरामला तिची दया आली, कारण तो स्वतः पाच फूट दोन इंच होता. जबलपूरला त्याला सहा फुटी जाटांच्या मधे उभं केलं होतं. "ए होवाळ! कदम मिला!" उस्ताद ओरडायचा. किती वेळा सांगावंसं वाटलं होतं, उस्ताद, मी आळशी नाही, मी चुकत नाही, माझा पायच आखूड आहे. मला तेवढंच अंतर कापायला जास्त पावलं लागतात.

एसटी सुटली. पोरगी दिसेनाशी झाली. धोंडिराम सीटवर एकदम ताठ बसला.

जास्त पावलं. तेवढंच अंतर.

तीन चाकं चालतायत बरोबरीनं. एक पळतंय. कॉम्प्युटर उस्तादासारखा फक्त पावलं मोजतोय. त्याला वाटतंय, हे चाक घसरतंय, गरगरतंय. म्हणून जोर काढून घेतोय. चाक घसरत नाहीच. ते आखूड आहे.

"व्हय की रं," तो मोठ्यानं म्हणाला. शेजारची म्हातारी जरा सरकून बसली.

घरी पोचला तेव्हा दिवस मावळतीला होता. त्यानं हात-पायही धुतले नाहीत. जॅकवर एकेक चाक उचललं, टायरच्या मधोमध सुतळी गुंडाळली आणि जिथं मिळाली तिथं कापली. चार तुकडे झाले. ते त्यानं दीक्षाच्या हातात दिले आणि एका टोकाला गाठ मारून खाली सोडायला सांगितलं. तीन तुकडे एका उंचीला थांबले. चौथा, मागच्या डाव्या चाकाचा, तीन बोटं वर राहिला.

तो त्या चाकापुढं बसला. टायरवर काळं पॉलिश चोपडलेलं होतं. फडक्यानं पुसल्यावर आकडे वर आले. उंचीचा आकडा बाकी तिन्हींवर पासष्ट. यावर साठ. तीच कंपनी, तीच नक्षी. नुसता टायर ठेंगणा. त्याच सकाळी त्यानं फक्त पुढच्या चाकाचे आकडे वाचून चारी चाकांत हवा भरली होती. याच टायरला हात लावून, याच्याच तोंडात हवा घालून, तो पुढं गेला होता.

"आवं, सापडलं न्हवं? मग तोंड असं का?" पारूबाईनं विचारलं.

"सापडलं," तो म्हणाला. "तीन दिवस मी यंत्राला छळलं. यंत्र मंगळवारपासनं खरं सांगत हुतं. मी माणसाला इचारलं आन माणसावर भरवसा ठेवला."

हा टायर आपोआप आला नव्हता. कुणीतरी बदलला होता, आणि विचारल्यावर 'काय न्हाई' म्हणाला होता.

शुक्रवारी सकाळी भाऊसो मोटारसायकलवरून आला. चिंचेखाली लोंबत असलेले सुतळीचे चार तुकडे त्यानं बघितले, पुसलेला टायर बघितला, आणि टोपी काढून परत घातली.

"कुटं फुटला?" धोंडिरामनं विचारलं.

भाऊसोनं मोटारसायकलच्या आरशावरची धूळ बोटानं पुसली. मग म्हणाला, "मळ्यात. पावण्यांला गाडी दावायला नेलती. बांधावरच्या दगडानं टायर बाजूनं चिरला. सांगलीत जुन्या टायरच्या दुकानात तसलाच मिळाला. मला वाटलं सारखाच हाय."

"डिकीतलं कोरं चाक का न्हाई लावलं?"

"त्यावर वैनीनं कुंकू काढलंय. ते हाललं की जयाला कळलं असतं." त्यानं आवाज खाली आणला. "धोंडिराम, ऐक. तू म्हन, वायर सुटली हुती. मी म्हनीन, हवालदारानं लय खटाटोप केला. तुझं बी नाव, माझं बी नाव."

"आन ह्योच टायर घेऊन शेठ रविवारी निघाला, कराडात दिवा परत लागला, तर? तवा माझं नाव कुटल्या वायरीला बांधू?"

"मग तुझं तू बघ. मी न्हाई म्हननार." भाऊसोनं किक मारली. "आन जया कुनाचं ऐकंल, चुलत्याचं का तुझं, त्येचा बी इचार कर."

तो विचार धोंडिरामनं दिवसभर केला. डिकी उघडून चाक बदलणं दहा मिनिटांचं काम होतं. पण ते स्वस्तिक दुसऱ्याच्या आईनं काढलेलं होतं. ते त्याच्या हातानं, न विचारता पुसलं गेलं असतं, तर टायरचं बोलणं बाजूला राहिलं असतं आणि भलतंच बोलणं सुरू झालं असतं. ते बोलणं कुठून कुठं जातं, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. त्यानं डिकीला हात लावला नाही.

शनिवारी नऊला ट्रक आला. मागोमाग जीपमधून जयराज, भाऊसो आणि शालूबाई. प्रवासाला निघणाऱ्या गाडीपुढं नारळ फोडायला म्हातारी मुद्दाम आली होती. रस्त्याला दहा-पंधरा माणसं आधीच उभी होती. कुणाला काही काम नव्हतं.

"गेला का दिवा?" जयराजनं विचारलं.

"जाईल. डिकीतलं चाक लावायला परवानगी द्या." धोंडिरामनं सुतळीचे तुकडे पुढं धरले. आकडे दाखवले. ठेंगणं चाक जास्त फेरे घेतं, आतल्या कॉम्प्युटरला वाटतं चाक घसरतंय, म्हणून तो गाडीचा जोर काढतो आणि दिवा लावतो, हे जसं होतं तसं सांगितलं. त्याला वाटलं होतं, एवढं सरळ सांगितल्यावर कुणाच्याही डोक्यात उजेड पडेल.

जयराजनं तुकडे हातात घेतले, उंच धरले. "तीन बोटांनी एवढी गाडी अडती?"

"तीन बोटांनीच अडलीया."

"काका, टायर बदलला हुता का?"

"न्हाई बा," भाऊसो लगेच म्हणाला. "त्या गिरनीवाल्यानंच तसला दिला आसंल. जुनी गाडी हाय. हे कायतरी दावायचं म्हनून दावतंय."

"तसला दिला असता तर दिवाळीतच दिवा लागला असता!" धोंडिरामचा आवाज चढला. "शेठ, दिवाळीत हुता का दिवा?"

"नव्हता."

"मग?"

जयराजनं तुकडे बोटांभोवती गुंडाळले. चुलत्याकडं पाहिलं नाही, धोंडिरामकडंही नाही. ट्रकाच्या फळीकडं पाहत राहिला. रस्त्यावरचं कुणीतरी म्हणालं, "टायरनं दिवा लागतोय व्हय! उद्या म्हनंल, चपलीनं ताप येतोय." चारजण हसले. ट्रकवाल्यानं मागची फळी खाली सोडली. लोखंडाचा आवाज झाला. धोंडिरामला ओरडून सांगायचं होतं, कालचं सगळं बोलणं, दगड, बांध, सांगलीचं दुकान. पण ते ऐकायला काल तिथं तिसरं कुणी नव्हतं. एकाचं तोंड आणि दुसऱ्याचं तोंड. त्यात त्याचं तोंड किती वजनाचं, ते आत्ता सगळे हसून सांगत होते.

"काय गं बया, चाकच लावायचं हाय न्हवं?" शालूबाई नारळ हातात घेऊन पुढं आली. "लावून बगा. त्यात ट्रक कशाला?"

"वैनी, पूजेचं चाक हाय त्ये," भाऊसो म्हणाला. "त्येला कुनाचा बी हात—"

"चाक मातीत जायाला आस्तंय भावजी. कुंकू मी परत लावीन, डबीत भरपूर हाय." ती धोंडिरामकडं वळली. "हवालदार, काढा ते."

धोंडिरामनं चाक काढलं. वेष्टन फाडताना स्वस्तिकावर बोट लागू नये म्हणून त्यानं कडेकडेनं फाडलं. कोरा टायर चढवला, नट आवळले, किल्ली जयराजच्या हातात दिली. "मी येत न्हाई. तुमी एकटं जावा. सागरेश्वरचा चढ चढून या."

अर्धा-पाऊण तास. ट्रकवाला सावलीत झोपला. रस्त्यावरच्या माणसांना अजूनही काम नव्हतं. धोंडिराम पाना हातात घेऊन उभा राहिला, खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही. दीक्षा शेडाच्या खांबाला टेकून रस्त्याकडं बघत होती.

गाडी आली. जयराज इंजिन चालू ठेवूनच उतरला. धोंडिरामनं आत डोकावलं. समोरची सगळी तबकडी शांत होती. कुठंही पिवळं नाही.

"बल्ब काढला न्हाई न्हवं?" मघाच्याच माणसानं विचारलं.

धोंडिरामनं किल्ली बंद करून पुन्हा फिरवली. सगळे दिवे लागले, त्यात पिवळा त्रिकोणही. इंजिन सुरू झालं आणि तो सगळ्यांबरोबर विझला. "दिसतोय? जिता हाय," तो म्हणाला. विचारणारा माणूस मागं सरला.

जयराजनं ट्रकवाल्याला हाक मारून रिकामं जायला सांगितलं. मग धोंडिरामकडं वळला. "चढाला बी मस्त वढली. गेला एकदाचा. कशामुळं का आसंना, काम झालं."

"कशामुळं का आसंना?"

"हवालदार, सोडा आता." जयराजनं आवाज बारीक केला. त्याच्या डोळ्यांत सगळं होतं. त्याला टायर कळला होता, बांध कळला नसला तरी चुलता कळला होता. पण तो चुलता होता, आणि रस्त्यावर पंधरा माणसं होती. "घरातली गोष्ट घरात बघीन."

धोंडिरामला वाटलं होतं, दिवा विझला की छातीतली आग विझेल. ती तशीच होती. यंत्रानं त्याचं म्हणणं मान्य केलं होतं. त्याला दुसऱ्या कुणीतरी करायला हवं होतं, मोठ्यानं, एका वाक्यात. कुणी करणार नव्हतं.

त्यानं काढलेलं ठेंगणं चाक उभं केलं आणि हातानं ढकलत भाऊसोपर्यंत नेलं. शेडापासून रस्त्याला उतार होता. त्यानं चाक भाऊसोच्या पोटाशी टेकवलं आणि हात सोडला. चाक घरंगळू नये म्हणून भाऊसोला ते दोन्ही हातांनी धरावं लागलं. पॉलिशचा काळा पट्टा त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर उमटला.

"धरा भावजी, नीट धरा," शालूबाई म्हणाली. "तुमचंच हाय न्हवं ते?"

कुणी हसलं नाही. भाऊसोनं मान वर केली नाही.

धोंडिरामनं पाना खिशात घातला आणि हात धुवायला मळ्याच्या पाटाकडं निघाला. आखूड पायांनी, भरभर, उसाच्या कडेकडेनं. पारूबाईनं मागून हाक मारली, "आवं, च्या ठिवलाय!" त्यानं ऐकलं नाही, किंवा ऐकून थांबला नाही. जयराज गाडीच्या दारावर हात ठेवून तो गेला त्या वाटेकडं पाहत राहिला. आणि भाऊसोही, चाक तसंच पोटाशी धरून, तो उसाआड दिसेनासा होईपर्यंत.